तक्रार करणाऱ्याचं नाव

सहा आठवड्यांपूर्वी, एका सोमवारी सकाळी, माझ्या फोनवर चौदा महिन्यांनी सुहासचं नाव उमटलं. मी मुरुडला माझ्या सुपारीच्या वखारीत होतो. समोर नांदगावचा एक वाडीवाला सोललेल्या रोठा सुपारीची दोन पोती घेऊन उभा होता आणि दर अजून तुटायचा होता. मी नाव पाहिलं आणि फोन उचलला नाही. कामात होतो म्हणून नव्हे. पहिल्या फोनला उचलायचं नाही हा माझा धंद्यातला नियम आहे. ज्याला गरज आहे तो पुन्हा करतो, आणि पुन्हा करणाऱ्याचा आवाज मऊ झालेला असतो. फोन थांबला आणि पुन्हा वाजला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. म्हटलं, आला शेवटी ठिकाणावर. तिसऱ्यांदा वाजू दे, मग उचलतो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी आवाज कोरडा करून "बोल" म्हटलं... पण पलीकडे सुहास नव्हता. त्याच्या शेजारचे मुनाफभाई त्याच्या फोनवरून बोलत होते. "शेठ, सुहास उठत नाय. डॉक्टर येऊन गेला. तुम्ही या, आणि मंदाला जरा सांभाळून आणा."

मंदा माझी बायको, आणि सुहास तिचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले, पहाटेच कधीतरी. म्हणजे मी पहिल्या वेळेस फोन उचलला असता तरी काही फरक पडला नसता. हे मला सगळ्यांनी समजावलं आणि मला ते पटतंही. पण तो फोन मी दोनदा आनंदाने वाजू दिला, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मंदालाही नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

माझ्यात आणि सुहासमध्ये काही म्हणजे काही सारखं नव्हतं. मी सायकलवर दारोदार सुपारी गोळा करत धंद्याला लागलो. काशीदपासून राजपुरीपर्यंत अशी वाडी नसेल जिच्या अंगणात मी दरावरून भांडलो नाही. मला कुणी फसवलेलं खपत नाही आणि मी लवकर चिडतो, हे गावाला माहीत आहे. सुहास मासळीबाजारात गेला की समोरची सांगेल तो भाव देऊन मोकळा व्हायचा. एकदा मंदा बरोबर होती, तर कोळीणच तिला म्हणाली, "बाय, भावाला येकटा धाडू नको गो, मनाच लाज वाटते," आणि पिशवीत दोन बांगडे वर टाकले. सुहास हसत हसत घरी आला होता. मी म्हटलं, तुझी कीव केली तिने. तो म्हणाला, "पण भावोजी, बांगडे ताजे आहेत."

पुण्याला एका कंपनीत त्याला चांगली नोकरी होती. आई आजारी पडली तेव्हा आगरदांड्याला परत आला, घरी बसून तेच काम करू लागला, आणि आई गेल्यावरही परत गेला नाही. लग्न केलं नाही. जेट्टीच्या वरच्या अंगाला त्याचं घर, खिडकीतून दिघीला जाणारी फेरीबोट दिसते. लोक मला विचारायचे, तुमचा मेहुणा करतो काय? मी सांगायचो, कॉम्प्युटरचं. एकदा त्यालाच विचारलं.

"भावोजी, तुमच्या वखारीत पुढे वाडीवाले, मध्ये हमाल, आणि आत तुम्ही. काट्याला हात लावायचा, कुलूप काढायचं, पोतं हलवायचं, सगळं तुम्हाला विचारून. कॉम्प्युटरमध्येही असा एक आत बसलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्याला कर्नेल म्हणतात."

"आणि तू त्याचं काय करतोस?"

"त्याला कोण कसं फसवू शकेल ते शोधतो."

"म्हणजे चोरीच्या वाटा."

"हो. पण चोराच्या आधी."

"मला कुणी फसवून दाखवावं!"

"तुम्ही चिडता ना, म्हणून सापडत नाही. तो कधी चिडत नाही. त्याला जे सांगाल ते खरं धरून चालतो. म्हणून त्याची काळजी घ्यावी लागते."

वखारीतल्या कॉम्प्युटरचं सगळं त्यानेच बघितलं. आधी त्यात एका कंपनीची सिस्टीम होती, तिचा माणूस दरवर्षी येऊन नव्याने पैसे मागायचा आणि आमची जुंपायची. सुहासने एक दिवस बसून ते सगळं काढलं आणि दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. ही फुकट आहे म्हणाला. मला फुकट मालाचा भरवसा नाही. मी विचारलं, याचा मालक कोण? म्हणाला, मालक नाही, जगभरचे लोक मिळून बनवतात. मालक नाही तर बिघडल्यावर भांडायचं कुणाशी? त्यावर तो जे बोलला ते मी तेव्हा कानाआड केलं. "भांडायचंच आहे त्यात. कुणीही तक्रार करावी. तक्रार खरी निघाली की ती दुरुस्त करतात, आणि दुरुस्तीच्या नोंदीत तक्रार करणाऱ्याचं नाव लिहितात. मानाने लिहितात, भावोजी. ज्याने केलं त्याचं नाव असतंच, पण ज्याला आधी खुपलं त्याचंही असतं."

आता माझी एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. माझा वजनकाटा वायरने कॉम्प्युटरला जोडलेला आहे, आणि समोरच्याला दिसेल असा स्क्रीन ठेवला आहे. पण आधी दर आणि मग वजन, हा माझा शिरस्ता. पोतं काट्यावर चढलं आणि आकडा दिसू लागला की वाडीवाला मनात गुणाकार करतो, त्याला एकूण रक्कम दिसते, आणि मग तो खाली यायला तयार होत नाही. म्हणून बोलणं तापलं की मी काट्याची वायर कॉम्प्युटरमधून ओढून काढतो. आकडा जातो. समोरच्याला न बोलता कळतं की इथून पुढे गप्पा बंद, दर सांग. दर तुटला की वायर परत लावायची. सीझनमध्ये दिवसातून वीस वेळा तरी हे होतं. यात फसवणूक नाही, वजनात मी कधी ग्रॅमची लबाडी केली नाही. ही माझी बोलायची तऱ्हा आहे.

तर सुहासचा तो कॉम्प्युटर मधूनच हँग व्हायला लागला. सगळं गोठायचं, बटण दाबून बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं, तोवर समोरचा माणूस पोतं उचलून पुढच्या वखारीत. दोन-तीनदा असं झाल्यावर मी त्याला फोन लावला. "तुझं फुकटचं यंत्र बंद पडलंय. ये आणि उचलून समुद्रात टाक."

"बंद पडलं तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"भांडत होतो."

"ते झालंच. हात कुठे होता?"

मी वायरचं सांगितलं. तो म्हणाला, उद्या येतो.

आला तो आठ दिवस आला. वखारीच्या कोपऱ्यात रिकाम्या खोक्यावर बसायचा, मांडीवर लॅपटॉप. मला म्हणाला, तुम्ही तुमचं चालू द्या, फक्त वायर ओढायची थांबवू नका. मी सुरुवातीला लाजलो, माणूस बघतोय म्हटल्यावर भांडणाला रंग येत नाही. तर हाच मागून म्हणायचा, "भावोजी, जरा रागात ओढा, हळू ओढली की नाही होत." एका म्हाताऱ्या वाडीवाल्याने मला विचारलं, "शेट, मेव्हणा सुपारी मोजतोय का तुमचा राग मोजतोय?" सुहास म्हणाला, "रागच, काका. सुपारी शेट मोजतात." सगळे हसले. मीही हसलो होतो. ते आठ दिवस माझ्या वखारीतले बरे दिवस होते, हे तेव्हा कळलं नाही. दुपारी मंदा दोन डबे पाठवायची, आम्ही पोत्यांवर बसून जेवायचो. मला वाटतं मंदाशी माझं लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एवढं सलग कधी बसलोच नव्हतो.

आठव्या दिवशी दुपारी यंत्र पुन्हा गोठलं. इतर वेळी तो उडी मारून उठायचा. त्या दिवशी उठला नाही. स्क्रीनकडे बघत राहिला, चहावर साय धरली, आणि मग लॅपटॉप मिटत म्हणाला, "सापडलं बहुतेक." पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरतो. कुणाला आज पैशांची नड आहे, कुणी दुसरीकडे भाव विचारून आलाय, मला दारात कळतं. सुहासचा तो चेहरा मी असा वाचला की चूक याची स्वतःचीच निघाली आणि हा आता ती झाकतोय. इतका चुकीचा मी आयुष्यात कुणाला वाचला नाही.

तीन दिवसांनी तो चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन आला. काट्याच्या वायरीचं एक सोडून कॉम्प्युटरची यूएसबीची बाकी सगळी भोकं त्याने पट्टीने बंद केली. आता माझ्या वखारीत बसलेली माणसं त्या भोकांना आपले फोन चार्जिंगला लावायची, आणि मी मुद्दाम लावू द्यायचो. ज्याचा फोन तुमच्याकडे चार्ज होतोय तो दर पटला नाही म्हणून उठून जात नाही. मी पट्टी टरकन ओढून काढली.

"काही आठवडे कुणाला काही लावू देऊ नका, भावोजी. आणि काट्याची वायरही ओढू नका. हात जोडतो."

"कारण?"

"सांगता येत नाही. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"आठ-दहा माणसं आहेत. वेगवेगळ्या देशांत."

"भेटलायस त्यांना?"

"एकालाही नाही."

"ज्यांचं तोंड बघितलं नाहीस त्यांना शब्द, आणि बहिणीच्या नवऱ्याला चिकटपट्टी!"

वखारीत चार माणसं होती, ती हसली. त्यांच्या हसण्याने मला अजून चढलं. आज मला ठाऊक आहे की या कामाची रीतच अशी आहे. कर्नेलमध्ये भोक सापडलं की ते आधी दुरुस्त करणाऱ्यांनाच कळवायचं, आणि दुरुस्ती जगभर जाईपर्यंत, ठरलेल्या मुदतीपर्यंत, कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. बातमी आधी फुटली तर तेच भोक घेऊन चोर आधी पोचतो, नुसता एक फोन यूएसबीला लावूनही. सख्ख्या भावालाही सांगायचं नाही. पण हे तेव्हा कोण सांगणार? जो सांगू शकत होता त्याचं तोंड त्या रीतीनेच बांधलेलं.

त्याने जावं तर तो गेला नाही. पट्टीचा बोळा हातात धरून उभा राहिला. "अजून एक होतं. तुमचं नाव घालू का?"

"कुठे?"

"एका नोंदीत. आत्ता जास्त सांगता येत नाही. पण पुढे सगळ्यांना दिसेल. तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मला घालता येत नाही."

इथे माझी एक जुनी जखम आहे. फार वर्षांपूर्वी एका भागीदाराने, कशाचं ते न सांगता, एका कागदावर माझं नाव घातलं होतं, आणि त्या नावापायी मी माणगावच्या कोर्टाच्या पायऱ्या कितीतरी वर्षं झिजवल्या. तेव्हापासून कुणी म्हटलं की नाव घालू का, माझं डोकंच फिरतं. मी चार माणसांसमोर ओरडलो, "माझं नाव कुठेही घालायचं नाही! कळलं? कुठेही नाही. लिहून देऊ?"

"नको," तो म्हणाला, "तुम्ही बोललात तेवढं पुरे." आणि बोळा खिशात घालून गेला.

पुढे दोनेक महिन्यांनी बातमी आली की त्याच्या जुन्या शाळेत त्याचा सत्कार आहे. कर्नेलमधली एक मोठी त्रुटी त्याने शोधली, जगातल्या असंख्य यंत्रांत ती होती, दवाखान्यातल्या, तिकिटाच्या खिडकीतल्या, पेट्रोल पंपावरच्या. मंदा नवी साडी नेसली. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. सुहासला भाषण येत नाही, पण मुलांना समजेल असं सांगायला तो उभा राहिला. "समजा, एक सुपारीची वखार आहे," तो म्हणाला. मी कान टवकारले. "वखारीच्या मालकाने एकाला माल ठेवायला खोली दिली. तो भाडेकरू अचानक निघून गेला. मालकाने खोली लगेच दुसऱ्याला दिली. पण पहिल्याचा एक कारकून आत माल मोजत बसला होता, त्याला कुणी सांगितलंच नाही की आपला माणूस गेला. तो त्याच खोलीत मोजत राहिला. आता दुसरा भाडेकरू लबाड असेल, तर तो तिथे एक चिठ्ठी ठेवेल, आणि कारकून ती आपल्या मालकाचाच हुकूम समजून पाळेल. तिजोरी उघड म्हटलं तर तिजोरीही उघडेल." मग तो म्हणाला, हे लक्षात कसं आलं, तर वजन वाचणं चालू असताना काट्याची वायर अचानक ओढली गेली म्हणून. "एका दुकानात," म्हणाला. एवढंच. टाळ्या पडल्या. त्याने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

माझी वखार, माझा काटा, माझी वायर, माझा राग. आणि मी कोण, तर एक दुकान! मी भाषण संपायच्या आत उठून बाहेर आलो. माझं नाव घेऊ नको असं मीच बजावलं होतं, हे मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण मला वाटलं, कारण सांगून विचारलं असतं तर मी का नाही म्हटलं असतं? अर्धवट विचारायचं, नकार मिळवायचा आणि सगळं श्रेय एकट्याने खिशात घालायचं, ही पद्धत मी बाजारात फार बघितली आहे. घरी मंदाला म्हटलं, "आठ दिवस त्याचा बिनपगारी गडी होतो मी." ती म्हणाली, "अहो, तो तसा नाही." मी म्हटलं, सगळे तसेच असतात.

दुसऱ्या दिवशी तो वखारीत आला. काहीतरी सांगायला आला होता, आता त्याला सांगायची मोकळीक होती. मी त्याला आत बोलावलं नाही. इतर वाडीवाल्यांसारखा काट्याच्या पलीकडे उभा ठेवला आणि म्हटलं, "बोला, काय आणलंय?"

"काही नाही आणलं, भावोजी," म्हणाला. आणि गेला. तीच आमची शेवटची भेट. मधली भाऊबीज मंदाने आगरदांड्याला जाऊन केली. येताना त्याने माझ्यासाठी डबा दिला होता. मी तो उघडला नाही.

त्या सोमवारी त्याच्या घरी पोचलो तेव्हा मुनाफभाईंनी सगळी व्यवस्था केली होती. मी माणसांच्या गर्दीतून त्याच्या कामाच्या खोलीत गेलो. टेबलावर चार-पाच उघडे कॉम्प्युटर, वायरींचं जाळं, आणि मधोमध एक वजनकाटा. माझ्या वखारीत आहे त्याच बनावटीचा. त्याची वायर ओढून ओढून तोंडाशी सोललेली होती. मला राग आला. हो, त्या दिवशीसुद्धा. वाटलं, काटासुद्धा माझाच उचलला याने.

तेरावं झाल्यावर केतकी नावाची एक मुलगी पुण्याहून एसटीने आली. त्याच्याबरोबर काम करणारी, तिशीची असेल. आधी मंदाला भेटली, मग वखारीत आली आणि दारातच थबकली. "काका, ही ती वायर?"

मी म्हटलं, कुठली ती?

"तुम्हीच ना ते? नाव नको म्हणणारे?" ती पोत्यावर बसली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांना तुम्ही माहीत आहात. नाव सोडून."

तिने लॅपटॉप उघडला. कर्नेलमध्ये कुणी काहीही बदललं की काय बदललं आणि का, याची नोंद त्याच्यासोबत कायमची राहते, असं ती म्हणाली. सुहासच्या दुरुस्तीची नोंद तिने इंग्रजीत दाखवली, आणि मराठीत सांगत गेली. आधी सगळं तांत्रिक होतं. मग शेवटी हे होतं. ही चूक प्रथम एका किनाऱ्यावरच्या गावातल्या सुपारीच्या व्यापाऱ्याच्या लक्षात आली. भाव ठरवताना ते दिवसातून वीस वेळा वजनकाट्याची वायर ओढतात. त्यांनी तक्रार केली नसती तर मी इथे कधी पाहिलं नसतं. मी त्यांचं नाव घालण्याची परवानगी मागितली, त्यांनी ती दिली नाही. शोधण्याचं काम माझं आहे. सापडलं ते त्यांना.

मी तिला दोनदा वाचायला लावलं.

"आणि काका, तुम्हाला हे माहीत आहे का," ती म्हणाली, "मुदतीसाठी तो त्या लोकांशी किती भांडला? त्यांना तीन महिने हवे होते. याने रोज ईमेल लिहिले. इथे एक वखार आहे, रोज येणारी माणसं त्या यंत्राला फोन लावतात, मी त्यांना थांबवू शकत नाही आणि कारणही सांगू शकत नाही, लवकर करा. मी त्याला कधी कुणाशी वाद घालताना पाहिलं नव्हतं."

"कितीवर तुटलं?" मी विचारलं. तोंडातून तेच निघालं.

"पाच आठवडे."

तीन महिन्यांवरून पाच आठवडे. समोर न भेटलेली आठ-दहा माणसं, गरज त्यांची नाही, आणि हातात दाखवायला काही नाही. मला जमलं नसतं. बांगड्यांचा भाव न करता येणारा माणूस माझ्यासाठी घासाघीस करत होता, आणि मी इथे त्याची चिकटपट्टी फाडत होतो.

मग ती सहज म्हणाली, "त्यानंतर हे मशीन हँग झालं का हो कधी?" मी आठवायला लागलो. नाही. एकदाही नाही. दुरुस्त्या आपोआप उतरतील अशी सोय त्याने पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. त्याच्याशी अबोला धरून मी चौदा महिने रोज वीस वेळा वायर ओढली आणि रोज वीस वेळा त्याच्या कामाने मला सांभाळून घेतलं. न बिघडणाऱ्या वस्तूकडे कोण बघतो? बिघडली असती तर चौथ्या दिवशी मी फोन केला असता त्याला. शिव्या द्यायला का होईना, केला असता.

मी केतकीला म्हटलं, आता नाव घालता येईल का माझं? तिने लॅपटॉप मिटला. मी म्हटलं, मी लिहून देतो, हवी तिथे सही करतो. ती म्हणाली, काका, झालेली नोंद बदलत नाहीत. मी म्हटलं, अहो, काहीतरी मार्ग असतोच, वर कोण आहे, त्यांच्याशी बोलू, मी बोलतो, सुहासच्या नावाखाली लहान अक्षरांत चालेल, बाजूला चालेल. मी कुठवर खाली आलो ते मला नंतर कळलं. ती माझा हात धरून एवढंच म्हणाली, "त्यावर पुढची हजारो कामं रचली गेलीत. ते आता तसंच राहणार." आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर असं काही आलं ज्यात बोलायला जागाच नव्हती. या लेखाखालीही माझं नाव छापू नका, असं मी संपादकांना कळवलं आहे. त्याने लिहिलं आहे तेवढं बरोबर आहे.

मंदा पूर्वी वखारीत फारशी यायची नाही. धुळीने तिला खोकला होतो. आता रोज सकाळी मी उघडायच्या वेळेला येते. केतकीने तिला सांगितलं की यंत्र चालू होताना कर्नेल आधी जागा होतो आणि काय काय करतोय ते ओळीओळीने स्क्रीनवर लिहितो. बहुतेक लोक त्यावर चित्र टाकून ते झाकतात, सुहासने झाकलं नव्हतं. मी बटण दाबतो. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी पळायला लागतात, शंभर, दोनशे, वाचता येत नाहीत अशा. मंदा पदर नाकाला लावून पुढे वाकून बघते. बाहेर वाडीवाले पोती उतरवून उभे असतात, हाका मारतात, "शेट, उघडताय का न्हाय?" मी त्यांना थांबवतो.

परवा ती म्हणाली, "यातली त्याची कुठली हो?"

"माहीत नाही. असेल कुठेतरी."

ओळी संपल्या. काट्याचा शून्य आकडा आला. ती तरी तिथेच उभी.

"जरा सावकाश नाही का करता येत हे?"

मी म्हटलं, विचारतो... आणि फोनवर सुहासचं नाव काढून उभा राहिलो.